टर्बो, सुपर आणि येरमाळ्याचा चढ

टर्बो की सुपर, हा प्रश्न सरांनी मला विचारला तेव्हा नोकरीला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. येरमाळ्याजवळच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला आलो होतो, सर भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि स्टाफरूममध्ये नुकताच चहा आला होता. मला वाटलं प्रश्न चहाचा असावा. "मला साधाच चालतो, सर," मी नम्रपणे म्हणालो.  सरांनी खिशातून खडू काढला आणि टेबलावर इंजिन काढायला घेतलं. माझा कप सायलेन्सरच्या जागेवर होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला सरकवला.

"इंजिनाला पेट्रोल कितीबी पाजा," ते म्हणाले, "हवा कमी पडली तर जळणार कसं? तुम्हाला जिना चढताना धाप लागती का न्हाय? तसंच. मग हवा दाबून आत कोंबायची. त्याला दोन यंत्रं. टर्बो फिरतो सायलेन्सरकडं निघालेल्या धुरावर. वाया जाणारा धूर, फुकटचं काम. पण धूर जोरात यायला इंजिन आधी जोरात फिरावं लागतं. तोवर टर्बो झोपलेला. सुपर थेट इंजिनाला पट्ट्यानं बांधलेला. पाय दाबला की हजर. पण फुकट न्हाय, इंजिनाचीच ताकद खातो अन् इंजिनालाच हवा देतो. आता सांगा मराठीवाले, रोजच्या वापराच्या गाडीला काय बसवावं?"

मी जरा विचार केल्यासारखं करून म्हणालो, "टर्बो."

"अन् घाटात तो उठंपर्यंत काय करायचं? भजन?"

"मग सुपर."

"अन् अ‍ॅव्हरेज कोण देणार? तुम्ही?"

पुढच्या काही वर्षांत माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. तुम्ही टर्बो म्हणालात की सर सुपरचे वकील व्हायचे आणि सुपर म्हणालात की टर्बोचे. एकदा मी दोन्ही म्हणून बघितलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

सरांच्या खिशात पेन नसायचं, खडू असायचा. त्यामुळं शर्टाच्या डाव्या बाजूला कायम एक पांढरा ढग. धाराशिवातल्या हॉटेलांची टेबलं, दवाखान्यातली बाकं, एकदा तर एका दुकानातल्या नव्या कोऱ्या फ्रिजचं दार, असं जिथं म्हणून हात पोचेल तिथं सरांनी इंजिन काढलेलं होतं. माणसांना ते विषयावरून हाक मारायचे. मी मराठीवाले. आमचे इतिहासाचे सहकारी इतिहासवाले, गणिताचे गणितवाले. प्राचार्यांना मात्र सर म्हणायचे, कारण त्यांचा विषय कोणता हे कुणालाच आठवत नव्हतं.

हळूहळू सगळा स्टाफ त्या दोन यंत्रांत वाटला गेला. मी टर्बो ठरलो. "मराठीवाले सकाळी नुसते बसतात. दुसरा चहा पोटात गेला की मग शिट्टी वाजाय लागती." प्राचार्य सुपर. "बोलले की हलतंय सगळं, पण ताकद आपली जाती." मुलांवरही परिणाम झाला होता. अकरावीच्या एका पेपरात जडत्वाची व्याख्या विचारली होती, तर एका मुलीनं लिहिलं, 'घाटात टर्बो उठेपर्यंत गाडीची जी अवस्था असते तिला जडत्व म्हणतात.' सरांनी तिला पूर्ण गुण दिले आणि उत्तरपत्रिका स्टाफरूमभर फिरवली.

सगळ्यात कहर झाला तो ईटला. आमच्या एका शिपायाचे वडील गेले, त्यांच्या तेराव्याला आम्ही भूम तालुक्यातल्या त्या गावी गेलो होतो. जेवणं व्हायची होती. मंडपात म्हातारी माणसं बसली होती, कीर्तनकार यायला उशीर होत होता आणि सरांच्या शेजारच्या आजोबांनी नुसतं विचारलं, "काय करता तुम्ही?" तेवढं पुरे झालं. सर बोलायला लागले. आत घेतलेली हवा जळते आणि बाहेर पडते, लोक म्हणतात ती वाया गेली. ती वाया जात नाही. जाता जाता ती एक चाक फिरवते, आणि त्या चाकाच्या जोरावर नवी हवा आत येते. गेलेल्यामुळंच येणाऱ्याला बळ मिळतं. मंडप शांत झाला. मागच्या बाया पुढं सरकल्या. सरांना वाटलं, पहिल्यांदाच कुणीतरी मन लावून ऐकतंय, म्हणून ते आणखी रंगात आले. शेवटी त्या आजोबांनी डोळे पुसले आणि सरांच्या पाया पडायला वाकले. येताना गाडीत सर म्हणाले, "ईटची माणसं टर्बोकडं झुकलेली दिसली."

ती गाडी आता सांगायला हवी. पांढरी, छोटी, पेट्रोलची, आणि सरांच्या मते निर्दोष. फक्त हवा कमी पडते. आम्ही चौघं त्या गाडीतून धाराशिव ते येरमाळा रोज अप-डाऊन करायचो. सपाटीवर ती बरी धावायची. येरमाळ्याच्या अलीकडं रस्ता चढाला लागतो. सह्याद्रीतली माणसं हसतील, पण आम्ही त्याला घाट म्हणतो. रस्ता चौपदरी झाला, वळणं गेली, तरी सर म्हणायचे, "डांबर बदललं, उंची न्हाय बदलली."

चढाच्या पायथ्याला सर गंभीर आवाजात म्हणायचे, "तयारी." मग एसी बंद, कारण तो इंजिनाला ओढतो. काचा वर, कारण उघड्या काचांत वारा भरतो. भर मेमध्येसुद्धा. सगळ्यांनी पुढं झुकायचं. बोलायचं नाही, कारण बोलताना माणूस हलतो. त्या भट्टीत आम्ही घामाघूम होऊन पुढं वाकलेले, आणि शेजारून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आम्हाला मागं टाकून जायचा. इतिहासवाले अंगानं भरलेले होते. त्यांच्या एकादशीला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली असं एकदा सरांच्या लक्षात आलं, तेव्हापासून ते त्यांना आणखी काही उपवास सुचवायला लागले. गुरुवारचा, शनिवारचा. इतिहासवाल्यांनी शेवटी वैतागून सांगितलं, "सर, म्या देव मानत न्हाय. एकादशीला मला साबुदाणा आवडतो म्हणून धरतो."

आणि ही सगळी काटकसर चालू असताना पुढची डावी सीट मोकळी असायची. आम्ही तिघं मागं कोंबलेले, गुडघे छातीशी, इतिहासवाल्यांचा खांदा माझ्या कानात, आणि पुढं राजासारखी रिकामी सीट. पहिल्या दिवशी मी पुढचं दार उघडलं तर सर म्हणाले, "मागं बसा. वजन मागं लागतं." गणितवाले खरं बोलणारे गृहस्थ. ते एकदा म्हणाले, "सर, ही गाडी पुढच्या चाकांनी ओढती. वजन पुढं पाहिजे."  भौतिकशास्त्रातल्या मुद्द्यावर सर गप्प बसले, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

ती सीट रिकामी ठेवण्याचं कारण मला पुढं इतिहासवाल्यांनी सांगितलं, येरमाळ्याच्या बसस्टँडवर उसाचा रस पिताना. इतिहासवाल्यांनी सांगितलं म्हणजे त्यात थोडी भर असणारच, पण मूळ घटना सगळ्यांना ठाऊक होती.

गाडी नवी होती तेव्हा सर काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मेव्हणीला, साडूंना आणि सासूबाईंना घेऊन येरमाळ्याच्या येडाईच्या दर्शनाला निघाले होते. चैत्राचं ऊन. चढावर पुढं एक ट्रक बंद पडला, गाडी थांबवावी लागली, आणि थांबलेली गाडी पुन्हा निघेना. सरांनी हिशेब केला. बसलेल्यांची वजनं अंदाजानं धरली, चढाचा कोन धरला आणि उत्तर काढलं की एक माणूस उतरलं तर गाडी निघेल. आता कोणतं माणूस? सासूबाईंना उतरवता येत नाही. साडू पाहुणे. मेव्हणी किडकिडीत, तिला उतरवून उपयोग नाही. सर काकूंकडं वळले आणि म्हणाले, "तू उतर. अन् पुरणपोळीचा डबा पण घेऊन उतर."

काकू उतरल्या. गाडी निघाली. हिशेब बरोबर आला होता. काकू डबा घेऊन एकट्या तो चढ चालत वर आल्या, तेव्हा सर आनंदानं रस्त्यात उभे होते. उत्तर बरोबर आलं म्हणून.

काकूंनी भांडण केलं नाही. दर्शन घेतलं, नैवेद्य दाखवला, सगळ्यांना वाढलं, आणि परतीला त्या सरळ बसस्टँडवर जाऊन एसटीत बसल्या. त्यानंतर त्या गाडीत त्या बसल्या नाहीत. लग्न असो, बारसं असो, धाराशिवच्या धाराशिवात दवाखान्यात जायचं असो, सर गाडीनं आणि काकू रिक्षानं किंवा बसनं. फक्त एकदा त्या म्हणाल्या होत्या, "मला न उतरवता ही गाडी चढंल, त्या दिवशी बघू." सरांनी ते वाक्य शब्दशः घेतलं. म्हणजे हवा कमी पडते. म्हणजे एक यंत्र बसवायचं. तेव्हापासून टर्बो की सुपर.

हे कळल्यावर मी त्या रिकाम्या सीटकडं बघून कुरकुर करायची सोडली. इतिहासवाल्यांचा खांदा मात्र होता तिथंच होता.

काकू दर पौर्णिमेला येडाईला यायच्या, एसटीनं. आमची गाडी चढावर कण्हत असायची आणि तेवढ्यात लाल बस शेजारून वर निघायची. खिडकीत काकू. पदर डोक्यावर, नजर सरळ समोर. बस पुढं गेली की सर आम्हाला म्हणायचे, "बघितलं? एकदाबी इकडं बघितलं न्हाय. म्हणजे ओळखलं." मग सरकारनं बायांना एसटीत अर्धं तिकीट केलं. त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र घेऊन बराच वेळ बसून होते. शेवटी म्हणाले, "धोरण चांगलंय. पण आमच्या घराचा विचार झालेला न्हाय."

धाराशिवात एक मेकॅनिक होता, त्याला सगळे उस्ताद म्हणत. शनिवारची दुपार सर उस्तादच्या गॅरेजमध्ये काढायचे, कधीकधी मलाही सोबत घेऊन. उस्तादनं कुठल्यातरी भंगारातल्या जीपचा टर्बो सरांसाठी काढून ठेवला होता. ठेवून ठेवून तो गॅरेजचाच एक भाग झाला. उस्तादचा पुतण्या त्यात नट-बोल्ट ठेवायचा, आणि सर आले की ते सगळे ओतून टर्बो पुसून पुढं ठेवला जायचा. सर तो हातात घेऊन फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "पण लॅग? हा उठंपर्यंत जाणारा वेळ?"

"लॅग तो रहेगाच सर," उस्ताद म्हणायचा. "सोलापूरला एकाकडं सुपर हाय म्हनत्यात. आणू?"

"पण त्याला बॉनेटमध्ये जागा?"

"जागा न्हाय. बॉनेटला भोक पाडू."

"अन् इंजिन सोसंल?"

"सर, खरं सांगू का? इंजन म्हातारं हाय. टर्बो लावा, सुपर लावा, हवा जादा झाली तर डोकं फाटनार. अन् आरटीओवाल्यानं बघितलं तर आपलं दोघांचं फाटनार. नवी गाडी घ्या की."

नवी गाडी म्हटलं की सर उठून उभे राहायचे. "ह्याच गाडीतनं उतरली ती," ते म्हणायचे. "ह्याच गाडीत बसली पाहिजे." उस्ताद माझ्याकडं बघायचा. मी उस्तादकडं बघायचो. मग चहा यायचा.

एकदा सरांच्या घरी भजी खात बसलो होतो. सर फरशीवर खडूनं पट्टा आणि पुली काढून मला सुपरचा एक नवा फायदा सांगत होते. काकू भज्यांचा दुसरा घाणा घेऊन आल्या, इंजिनावर पाय न देता वळसा घालून माझ्यापुढं ताटली ठेवली आणि म्हणाल्या, "मराठीवाले, ह्यांना इचारा, त्या दिवशी माझं वजन किती धरलं होतं?"

सर पुली पुसत म्हणाले, "अंदाजे धरलं होतं."

"आकडा इचारते म्या."

सरांनी आकडा सांगितला. सांगायला नको होता. काकूंनी भज्यांची ताटली सरांच्या पुढून उचलली आणि माझ्यापुढं ठेवली. सर मला हळूच म्हणाले, "पाच किलो वरखाली होऊ शकतं, हे सांगायचं राह्यलं." हुशार माणसाचं डोकं एवढं कसं चालतं आणि नेमकं इथंच येऊन कसं थांबतं, याचा मला त्या दिवशी राग आला. काकूंचाही थोडा आला. एवढी वर्षं दोघं एकाच घरात एकाच गोष्टीची वाट बघत होते आणि मधे फरशीवर पुली.

मग गेल्या चैत्रातली यात्रा आली. येडाईच्या पालखीच्या दिवशी वाटेवरच्या रानात लोक देवीसाठी चुनखडीचे खडे वेचतात. काकू लहानपणापासून ते खडे वेचायला जातात, एकही वर्ष चुकवलेलं नाही. आम्हाला यात्रेची सुट्टी होती. मी काही कामानं धाराशिवच्या बसस्टँडकडं गेलो होतो. तिथं यात्रेची तोबा गर्दी. बस यायची आणि थांबायच्या आत भरायची. खिडक्यांतून टोप्या, रुमाल, पिशव्या आत टाकून जागा धरणं चाललं होतं. काकू घामानं भिजून कडेला उभ्या होत्या. बऱ्याच बसेस त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. आणि स्टँडच्या फाटकाबाहेर सर आपल्या गाडीचं बॉनेट उघडून आत बघत उभे होते. आत बघण्यासारखं काही नव्हतं.

मी काकूंपाशी गेलो. त्यांनी फाटकाकडं बघितलं. "कवापासून उभे हायत?" त्यांनी मला विचारलं.

"मी आत्ता आलो, काकू."

"सकाळपासून उभे हायत," त्याच म्हणाल्या. आणखी एक बस आली आणि गेली. मग त्यांनी पिशवी उचलली. "तुम्ही चला आमच्यासंगं. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

गाडीपाशी जाऊन त्या सरांना म्हणाल्या, "घाटात म्या उतरणार न्हाय."

"प्रश्नच न्हाय," सर म्हणाले. 

मग मला कळलं, सरांनी पहाटेपासून तयारी केली होती. स्टेपनी काढून घरी ठेवली होती. जॅक, मॅट, मागचे स्पीकर, सगळं उतरवलं होतं. माझ्या हातातली छत्रीसुद्धा त्यांनी एका पानटपरीवर ठेवायला लावली. काकू पुढच्या सीटवर बसल्या. सीट मागं सरकेना, इतक्या वर्षांत कुणी सरकवलीच नव्हती. सरांनी खाली वाकून, गुडघे टेकून ती सरकवून दिली. काकू पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होत्या. मी मागं पाय पसरून बसलो आणि मला इतिहासवाल्यांची आठवण आली.

येडशी गेली. सर एक शब्द बोलले नाहीत. टर्बो नाही, सुपर नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. चढाच्या पायथ्याला त्यांनी "तयारी" म्हणायला तोंड उघडलं आणि काकूंकडं बघून पुन्हा मिटलं. गाडी चढाला लागली. दुसऱ्या गिअरमध्ये, पण चढत होती. सरांच्या कानामागून घामाची धार निघाली होती. मागच्या सीटवर मी पुढं झुकून बसलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं, सवय.

आणि अर्ध्या चढावर यात्रेची गर्दी तुंबली. पुढं ट्रॅक्टर, त्यापुढं टेम्पो, त्यापुढं काय ते दिसत नव्हतं. गाडी थांबली.

पुढचा ट्रॅक्टर हलला तेव्हा सरांनी क्लच सोडला. गाडी हुंकारली, थरथरली आणि वीतभर मागं आली. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. सरांनी पुन्हा केलं. पुन्हा मागं. जळक्या क्लचचा वास आला. पुढचा ट्रॅक्टर दूर गेला होता आणि मागं हॉर्नचा गोंधळ उठला होता. मी दाराला हात घातला, म्हटलं आपण उतरावं.

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. त्या समोरच बघत होत्या.

सर स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. हिशेब चालला होता हे मला मागून दिसत होतं. एकदा त्यांनी आरशात माझ्याकडं बघितलं. एकदा काकूंकडं. मग खाली, स्वतःच्या पोटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. इतक्या वर्षांत हे वजन त्यांनी कधी धरलंच नव्हतं. गाडी चालवायला माणूस लागतोच, म्हणून ते त्यांनी कायम सोडून दिलं होतं.

त्यांनी हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं.

"तू इकडं सरक," ते काकूंना म्हणाले. "म्या उतरतो."

 अर्ध्या घाटात, मागं ट्रक, आणि हँडब्रेक तोही सरांच्याच गाडीचा. "काकू, तुम्हाला येतं चालवायला?" मी ओरडलोच.

"ह्यांच्या आधी पास झाले," काकू म्हणाल्या. लायसन्सच्या परीक्षेला दोघं एकदमच गेले होते, आणि सर दुसऱ्यांदा परीक्षेला बसले होते, हे मला त्या दिवशी कळलं. काकू पदर खोचून इकडच्या सीटवर सरकल्या, आरसा स्वतःकडं वळवला, आणि मग मागं वळून मला म्हणाल्या, "मराठीवाले, तुम्हीबी उतरा. ह्यांच्यासंगं चाला. एकट्याला हा चढ लई लांब वाटतो."

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. हवामान सांगावं तसं म्हणाल्या. सर दाराला धरून उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

काकूंनी क्लच सोडला, हँडब्रेक खाली केला आणि गाडी निघाली. एकदाही मागं न येता. टेम्पोच्या शेजारून, ट्रॅक्टरच्या शेजारून वर गेली. सर मान वळवून कान देत होते. "दुसरा टाकला," ते म्हणाले. "बरोबर जागी टाकला." त्यांचा चेहरा उजळला होता.

आम्ही चालायला लागलो. सुरुवातीला सर जोरात होते. दोन माणसं कमी झाल्यावर चढाला किती फरक पडला, ते मला सांगत होते. मग आवाज कमी झाला. मग त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला. डांबर चपलांना चिकटत होतं. यात्रेच्या गाड्या धुरळा आणि 'आई राजा उदो उदो' उडवत शेजारून जात होत्या. थोडं वर गेल्यावर सर कठड्यावर टेकले.

"मराठीवाले," ते म्हणाले, "त्या दिवशी हिच्या पायात नव्या चपला होत्या. चावत होत्या तिला. घरून निघतानाच म्हणाली होती."

"तुम्हाला आठवतंय?"

"आत्ता आठवलं."

 ते पायाकडं बघत होते. मग म्हणाले, "तुमचा विषय बोलण्याचा. माफी कशी मागतात?"

"सरळ मागायची, सर. चुकलो म्हणायचं."

"आधी कारण सांगून?"

"कारण सांगायचं नाही."

"कारणाशिवाय?" सरांना हे फार अशास्त्रीय वाटलं. पण उठले. उरलेला चढ ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत चढले. दोनदा मला ऐकू आलं, ते 'कारण'पर्यंत जायचे आणि थांबायचे.

वर कडुलिंबाखाली गाडी उभी होती. काकू स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसल्या होत्या. सर त्यांच्या खिडकीपाशी गेले. अंगातला सदरा पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. सगळी वाट पाठ केलेलं ते विसरले असावेत.

"ऊन लई हाय गं," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. "त्या दिवशी जास्त होतं."

"व्हय," सर म्हणाले.  "चुकलो म्या."

त्यांचे ओठ पुन्हा हलले. कारण आलं होतं तोंडापर्यंत, मला दिसलं. ते त्यांनी गिळलं.

काकूंनी नजर खाली नेली, सरांच्या पायांकडं. मग हात मागं करून मागचं दार उघडून दिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "चपला काढून बसा. पाय पोळले असतील."

मी आधी आत सरकलो, आणि सर चपला काढून माझ्या शेजारी बसले. काकूंनी पहिला टाकला.